पेट्रोल कोण पितं?

“पेट्रोल काय मासे पितात?” सासूबाईंनी भर धक्क्यावर विचारलं.

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. सून नावेतून चादरींची गाठोडी उतरवत होती. तिच्या हातातलं गाठोडं हातातच राहिलं.

घरचा धंदा धुलाईचा. खाडीपलीकडच्या हॉटेलांतून चादरी, टॉवेल नावेने आणायचे, धुऊन, इस्त्री करून परत पोचवायचे. ही फेरी सासऱ्यांची. नावांना मोटरी बसवायला तेव्हा नुकती कुठे सुरुवात झाली होती, आणि धक्क्यावरची पहिली मोटर त्यांची. देह असा दणकट, की ते मागे मोटरीपाशी बसले की लोक म्हणायचे, “आज नावेला दोन इंजिनं!” एके दिवशी जेवता जेवता ते गेले. मुलगा दूर बोटीवर नोकरीला. मग फेरी सुनेने घेतली. तिला कोणी दिली नव्हती. सकाळी चादरी पोचवायच्या होत्या आणि घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिने घेतली.

तेव्हापासून टाकी लवकर तळ गाठू लागली.

मिस्त्रीने मोटर दुकानात नेली. प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, पंखा तपासला, पाण्याच्या पिंपात सोडून घुमवून पाहिली. “मोटर ठणठणीत आहे,” तो म्हणाला. वर हसून म्हणाला, “आता पेट्रोललाच पाय फुटत असतील, तर त्याला माझ्याकडे औषध नाही.”

त्या थट्टेने घात केला. ते पाय कुठल्या दिशेने जातात, हेही सासूबाईंना लगेच दिसलं. सुनेचं माहेर पलीकडच्याच काठावर होतं, आणि तिच्या भावाकडे फटफटी होती.

“ह्यांचं वजन होतं,” त्या धक्क्यावर सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. “ह्यांच्या टाकीला हात लावायची कोणाची छाती नव्हती. तुझं काय वजन!”

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच नावेत चढल्या. अंगाने त्याही भरलेल्या. नवऱ्याच्या जागी, थेट मागे जाऊन बसल्या आणि टाकी दोन्ही पायांत धरली. सून शेजारी अंग चोरून बसली. परत आल्यावर सासूबाईंनी टाकीत लाकडी पट्टी बुडवली. रोज पट्टीचं टोक जेमतेम ओलं व्हायचं. आज ती चांगली चार बोटं भिजली होती.

“बघा!” त्यांनी पट्टी उंच धरली. “राखणीला बसलं की बरं उरतं!” मग पुतण्याला हाक मारली. नाव आपल्याला मिळेल या आशेने तो तिथेच घुटमळत होता. “उद्यापासून नाव तू चालव बाबा. इथे कुंपणच शेत खातंय.”

पुतण्याने नावेचा दोर लगेच हातात घेतला.

सुनेची कानशिलं तापली. काही बोलावं तर रडू येईल, म्हणून ती गाठोड्यांवरचं मेणकापड ओढायला वाकली. हे मेणकापड तिनेच शिवलं होतं. सासऱ्यांना ते कधी लागलं नाही. पण ती फेरी करू लागल्यापासून नाव पाण्यात नाक खुपसायची आणि पुढची गाठोडी चिंब व्हायची. आज मेणकापड कोरडं होतं. तिने त्याच्यावरून हात फिरवला. मग मागे, सासूबाई बसल्या होत्या त्या जागेकडे पाहिलं.

“आई, नाव द्यायची त्याला द्या,” ती म्हणाली. “पण चार माणसांत मला चोर म्हणालात. आता त्याच चार माणसांसमोर टाकी भरा आणि अजून एकदा चला. फक्त या खेपेला पुढे बसा.”

“बसते! मला काय भीती आहे?”

टाकी रोजच्याइतकीच भरली. गाठोडी होती तशीच राहिली. सासूबाई पुढे बसल्या, तोंड मागे करून, डोळे टाकीवर. धक्का सुटला आणि पहिल्याच लाटेत नावेने मान खाली घातली. पाणी त्यांच्या पाठीवर आदळलं.

“अगं, हळू!”

“हळूच आहे. रोज अशीच जाते.”

पलीकडचा काठ शिवून सून कुठेही न थांबता परतली. सासूबाई नखशिखांत भिजल्या होत्या. त्यांनी स्वतः पट्टी बुडवली. टोक जेमतेम ओलं झालं.

“सांगा आता,” सून म्हणाली. “कुठे थांबले? कोणाला दिलं? माझा भाऊ काय पोहत आला होता?”

कोणीतरी फिसकन हसलं.

सुनेने सासूबाईंना मोटरीपाशी नेलं. मोटर जिथे नावेला अडकवलेली असते, तिथल्या लोखंडी पट्टीला भोकांची एक ओळ होती; पिन ज्या भोकात, त्यावर मोटरीचा कल ठरायचा. नावेला सगळ्यात जवळच्या भोकात एक पिन होती.

“आठवतं? मामंजी पोट थोपटून म्हणायचे, ही माझ्या पोटाची पिन. ते मागे बसले की नावेचं नाक उचलायचं. ते दाबायला त्यांनी मोटरीचा पाण्यातला पाय असा आत घेतला होता. आता त्यांच्या जागी मी बसते. नाक आधीच खाली, त्यात मोटर ते आणखी दाबते. नाव पाणी नांगरत जाते, आई. मघाशी तुम्ही मागे बसलात म्हणून पेट्रोल उरलं, राखण केलीत म्हणून नाही. मामंजी गेले, ही मोटर अजून त्यांनाच धरून चालली आहे.”

सासूबाई वाकल्या. पिनेवरून त्यांनी ओलं बोट फिरवलं. ती ह्यांनी लावल्यापासून कोणी हलवली नव्हती.

मग सरळ झाल्या. पुतण्याच्या हातातला दोर काढून घेतला आणि धक्क्यावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाल्या,

“काढ ती पिन. तुझ्या वजनाची लाव.”