शटरच्या आत

झोंबी मनगटाला चावला, तसं सायकलवाल्याने दुकानात शिरून होणाऱ्या बायकोला बाहेरून शटरला कुलूप लावायला सांगितलं. थोड्या वेळात तोही झोंबी होऊन गुरगुरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. "तू बोलतोयस तोवर मी हलणार नाही," ती शटरला पाठ टेकून म्हणाली. मग दोघं लग्नानंतरच्या घराबद्दल, तिच्या बाबांच्या घोरण्याबद्दल बोलत राहिली, हसलीसुद्धा. इतक्यात शहर सोडणारा शेवटचा ट्रक कोपऱ्यावर थांबला. "पोरी, चल!" बाबा ओरडले. "तुम्ही व्हा पुढे. हा अजून बोलतोय." त्याला ताप चढला होता, पण शुद्ध हरपली नव्हती. "ऐकतोयस ना रे?" तिने विचारलं. काळजावर दगड ठेवून तो जनावरासारखा गुरगुरला. बाहेर तिने हंबरडा फोडला, तरी तो गुरगुरतच राहिला. ट्रक तिला घेऊन गेल्यावर तो अर्धवट राहिलेलं बोलणं एकटाच बोलत बसला.