बायकोसाठी स्टिरिओ

गाडीचं काम दुसऱ्याच्या हाती सोपवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. बायकोसाठी हौसेने आणलेला स्टिरिओ तो बसवत होता आणि वायरी आत खोचता खोचता त्याचा हात मनगटापर्यंत डॅशबोर्डमध्ये अडकून बसला. नेमका तेव्हाच, आवाज तपासायला जोडून ठेवलेला तिचा फोन वाजला आणि स्टिरिओने तो आपणहून उचलला. चारही स्पीकरांतून मेहुणी बोलू लागली, “ताई, तुझ्यासाठी खोली मिळाली. आता भावजींना सांगून टाक, वेगळी राहणार म्हणून. किती दिवस घुसमटणार?” त्याने हात हिसडला, कातडी सोलली, पण सुटका होईना. “गप्प का गं? ते जवळ आहेत वाटतं. ठेवते.” तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. “अहो कारागीर, अडकलात ना? आवाज येतोय का?” आतल्या अंधारात त्याच्या बोटांना स्टिरिओची वायर लागली. ती त्याने उपटली. “अजून नाही गं.”