चालती-बोलती कॅसेट

सत्त्याण्णव साली गडमुडशिंगीच्या रुद्राप्पांच्या मुलीला, विद्याश्रीला, इचलकरंजीचं स्थळ आलं. "फोटोत काय कळतंय? मुलीची चालती-बोलती कॅसेट पाठवा," असा मुलाच्या आईचा निरोप होता. रुद्राप्पांनी कोल्हापूरहून लग्नाचा शूटिंगवाला बोलावला. विद्याश्री अंगणात चालली, तिने सुईत दोरा ओवला, पेपर मोठ्याने वाचून दाखवला. मुलगी पसंत पडली.

"आता मुलाचीबी कॅसेट मागवा," विद्याश्री म्हणाली.

"आलेलं स्थळ हातचं जाईल की गं," रुद्राप्पा म्हणाले. पण ती ऐकेना.

आठ दिवसांनी कॅसेट आली. यंत्रमागाच्या शेडपुढं दोन खुर्च्या, एकीवर मुलगा, दुसरीवर त्याची आई. शूटिंगवाल्यानं मुलाला नाव विचारलं, ते आईनं सांगितलं. शिक्षण विचारलं, तेही तिनंच सांगितलं. आवड विचारल्यावर मुलानं आईकडं बघितलं. "त्याला समदं आवडतंय," आई म्हणाली, आणि कॅसेट संपली.

"मग, पसंत हाय न्हवं?" रुद्राप्पांनी विचारलं.



"त्याच्या आई चांगल्या बोलत्यात, आप्पा. पण त्यांचं लगीन झालंय की."