एका फुलात किती साखर

लालतोंड्या माकडाने दीपिकाच्या मांडीवरची पिशवी ओढली, समोरच्या झाडाच्या शेंड्यावर नेली आणि तिथं बसून डबा उघडला. ब्रेड-जॅमचा शेवटचा घास त्याच्या गालात जाईपर्यंत रिना नुसती बघत राहिली. दगड मारायचंही तिला सुचलं नाही.

तशी गोष्ट हसण्यासारखीच. एसटीच्या फाट्यावर टोपली घेऊन बसलेली म्हातारी सुकरी हसलीसुद्धा. जाऊ दे वं बाई, म्हणाली, गडचिरोलीत घेजो दुसरा.

पण रिनाला ती हसण्यावारी नेता येईना. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला, दीपिकाला, साखरेचा आजार. अर्ध्या तासापूर्वी घरीच रिनाने तिच्या पोटात इन्सुलिनची सुई दिली होती; खाणं फाट्यावर पोचल्यावर व्हायचं होतं. आता अंगात इन्सुलिन होतं आणि पोट रिकामं. दिलेलं औषध काही परत काढून घेता येत नाही. वरून गोड गेलं नाही, तर रक्तात होती नव्हती ती साखर ते फस्त करणार. अडीनडीची ग्लुकोजची पुडी एरवी पर्समध्ये असायची. आज ती डब्याशेजारी ठेवली, आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. पर्समध्ये उरलं होतं फक्त साखर मोजायचं यंत्र.

शेजारणी तिला नावं ठेवायच्या. साखरेची पोर, आणि ही बया तिला जॅम चारते! त्यांना काय सांगणार? ब्रेड-जॅममध्ये अंगाला लागावं असं काही नसतं, हे रिनालाही कळत होतं. पाकिटावर छापलेलंच असतं, प्रथिनं नावाला, बाकी साखरच साखर. पण छापलेलं असतं ना! घरची भाकर एक दिवस जाड, एक दिवस पातळ. ब्रेडचे दोन काप म्हणजे अंगात तीस ग्रॅम साखर, वर चमचाभर जॅम तेरा. त्या त्रेचाळिसाला पुरेल एवढीच सुई. प्रवासाच्या दिवशी तिला या आकड्यांचा फार आधार वाटे. आता ते आकडे माकडाच्या पोटात गेले होते.

तिने पोरीचं बोट टोचलं. अठ्ठावन्न; सत्तरच्या खाली जायला नको होती. एसटीला पाऊण तास होता. टपरी आठशिवाय उघडत नसे, फोनला रेंज नव्हती, घर अर्ध्या तासावर. दीपिकाच्या कपाळावर घाम आला. काही विचारलं तर ती उशिरा बोलू लागली, तेही अर्धंमुर्धं. रिनाने पुन्हा टोचलं. एकोणपन्नास. चाळीसच्या खाली पोर शुद्धीत राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं.

"सुकरीबाई, गोड काही हाय का? काहीबी. नाई तं पोरगी हातची जाते माही."

सुकरीचं हसू कधीच मावळलं होतं. तिने टोपली पालथी करून दाखवली. मोहफुलं वेचायला निघालेली बाई, तिच्याजवळ काय असणार? आणि मोह तर समोरच होता, रस्त्यापासून पन्नास पावलांवर. रात्रभर गळलेल्या गोड फुलांचा वास फाट्यापर्यंत येत होता. पण आठ दिवसांपूर्वी त्याच बाजूला, मोहाखाली वाकलेल्या एका माणसाला वाघाने नेलं होतं. तेव्हापासून कोणी एकटं आत शिरत नव्हतं. सुकरीही टोल्यावरच्या, पलीकडच्या वस्तीतल्या तिघीजणींची वाट बघत बसली होती.

रिना उठली. दीपिकाने तिचा पदर धरला, आणि त्या मुठीत काही जोर नव्हता.

"तू पोरीपाशी बस," सुकरी म्हणाली आणि टोपली घेऊन उतरली.

वाळलेल्या सागपानांवर तिची पावलं वाजत गेली. आधी ती मोठ्याने खाकरत होती, मग खाकरणं थांबलं. पळसाच्या झुडपामागे तिचं लुगडं दिसेनासं झालं. रिना पोरीचे गाल चोळत होती, झोपू नको म्हणत होती आणि मनातल्या मनात आकडे मोजत होती. साठ झाले. शंभर झाले. पानं पुन्हा वाजली, पण या वेळी भलतीकडेच. रिनाला हाक मारायची होती. पण तिकडून ओ आली नाही तर? आपण एका म्हातारीला मरायला धाडलं, असं तिला वाटलं.

मग सुकरी दिसली. टोपली नव्हती. पदराचा ओचा छातीशी धरून ती रानाकडे पाठ न फिरवता मागे मागे चालत येत होती.

ओच्यात फुलं होती, टपोरी, रसाने ओली. दारूचं झाड म्हणून रिनाच्या माहेरी मोहाचं नावसुद्धा निघत नसे. तिने एक फूल हातात घेतलं आणि थबकली. एका फुलात किती साखर? हे कुठंच छापलेलं नव्हतं.

"किती देऊ?"

"खाऊ दे वं. मोजून कोनी खाल्ली का मोहफुलं?"

पहिलं फूल रिनाने पोरीच्या ओठांत दाबलं. दीपिका कितीतरी वेळ ते तोंडात धरून राहिली. मग चावली. दुसरं, तिसरं, पाचवं. त्यापुढे रिनाने मोजलं नाही. ओचा अर्धा झाला तेव्हा पोरीने आपण होऊन हात पुढे केला आणि म्हणाली, "आनखी."

रिनाला रडू आलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, आता पंधरा मिनटं थांबा लागते, मंग मशीन खरं सांगते.

"पंधरा मिनटं?" सुकरी तिच्या शेजारी खालीच बसली. "मंग तवरीक मलेबी धरून बस बाई. माहे पाय कापून राह्यले."