पाचवा ठोका

वाचकमंडळाने आपल्या अंकासाठी आलेली काकांची कथा परत पाठवली, तेव्हा काका भडकले. उभ्या आयुष्यात त्यांनी ही एकच कथा लिहिली होती, तीही सगळ्यांना पाठ असलेल्या पुस्तकमालेतल्या खापऱ्या नावाच्या प्राण्यावर.

“काका, खापऱ्याला चारच बोटं असतात,” पुतणी म्हणाली. “आत शिरण्याआधी तो एकेका बोटाने दारावर एकेक ठोका देतो. तुम्ही पाच लिहिलेत. दुसऱ्याचा प्राणी घेतला, की असं मनाला येईल ते नाही जोडायचं!”

“माझ्या खापऱ्याला पाचच! त्या दीडशहाण्यांना म्हणावं, या घरी आणि मोजा.”

“अहो, अशाने छापणार नाहीत ते.”

“खड्ड्यात गेले!”

तेवढ्यात दारावर ठोके पडले. सावकाश, एकेक करून. पाच.

पुतणीने दाराच्या भिंगातून पाहिलं. जिन्यावर दुपारचं ऊन होतं. माणूस नव्हतं.

काकांचा राग उतरला आणि नेहमीची शंका वर आली. इतके लोक म्हणतात, तर आपलंच चुकलं असणार. त्यांनी लाल पेनाने कथेतलं ‘पाच’ खोडून वर ‘चार’ लिहिलं.

बाहेर कोणीतरी कळवळून ओरडलं.

मग पुन्हा ठोके पडले, या वेळी दार चौकटीसकट हादरवणारे. चार.

दाराखालच्या फटीतून एक बोट घरंगळत आत आलं, काकांच्या पायाशी थांबलं आणि त्याने फरशीवर पाचवा ठोका दिला.