रिकामा

माणूस खाली बसला आणि तिचं बोट पडद्यावर थबकलं.

स्वयंपाक उरकून, कपडे वाळत घालून ती रोज अशी मोबाइल घेऊन खिडकीशी बसे. घरबसल्या काम, हवं तेव्हा. अ‍ॅपवर कुठल्या कुठल्या गोदामांतले वीस सेकंदांचे व्हिडिओ येत. प्रत्येकात एकच माणूस, चेहरा पुसलेला, आजूबाजूचं सगळं काळं केलेलं. खाली दोन बटणं : ‘कामात’ आणि ‘रिकामा’. बघायचं आणि दाबायचं. “मोबाइल बघून पैसे मिळाले असते तर मी एव्हाना दोन बंगले बांधले असते,” असं म्हणून सासूबाई हसायच्या. पण तिची नजर पक्की होती. आठ महिन्यांत तिची एक चूक निघाली नव्हती. चुका निघाल्या की काम बंद.

या माणसानं बसताना गुडघ्यावर हात टेकवून आधी डावा पाय लांब केला. असं बसणारा तिच्या माहितीत एकच होता. तिचा नवरा. त्यानं दुसरा हात छातीवर दाबून धरला होता.

तिनं फोन लावला. बंद. कामावर फोन गेटवरच काढून घेत. बसलेला सापडला की घरी, हेही त्यानंच सांगितलेलं. त्या नियमाचा आपल्या बोटाशी काही संबंध असेल, हे तिच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. आज शिवलं.

पडद्यावर सेकंद उलटे पळत होते. तिनं ‘कामात’ दाबलं.

लगेच पुढचा व्हिडिओ. कुणीतरी धिप्पाड माणूस, मागे टेकून चांगला फतकल मारून बसलेला, मान खाली. गप्पा मारत असावा. एक खोटं पचेल. लागोपाठ दुसरं पचणार नाही. तिनं ‘रिकामा’ दाबलं.

संध्याकाळी नवरा आला तो भिंत धरत. चेहरा पांढराफटक.

“छातीत कळ आली होती,” तो म्हणाला. “डॉक्टरांकडून आलोय. थोडक्यात निभावलं म्हणाले.”

सासूबाईंनी त्याला धरून कॉटवर बसवलं. ती पाण्याचा पेला घेऊन तशीच उभी राहिली.

“आणि नोकरी?”

“माझी राहिली. कशी, देव जाणे. कामावरच्या जोडीदाराची गेली. सुटी व्हायच्या आत त्याला बाहेर काढला. बसला होता म्हणे.”

विचारू नये असं वाटत असतानाच तिनं विचारलं,

“का बसले होते हो ते?”

“का म्हणजे? माझं डोकं मांडीवर धरायला.”