दोघांत एक पॉलिसी

"तंबाखू, सिगारेट, गुटखा?" कानिफनाथनं फॉर्मवर पेन टेकवत विचारलं.

सहादेवच्या आधी छबूबाईच बोलली. "त्या घाणीचं नाव काढू नगं बाबा. सात वर्षं झाली सोडून. माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतलीय यांनी."

"व्हय," सहादेव म्हणाला, आणि गालात काही उरलंय का ते जिभेनं हळूच चाचपलं.

सहादेवचं काष्टीत दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. त्यातल्याच एका भंगार मोटारीच्या पोटात त्याची पुडी असायची. शपथेनंतर अकराव्या दिवशी ती तिथं मुक्कामाला गेली होती, ती आजतागायत. छबूबाईला पत्ता नव्हता. ती बचत गटाची अध्यक्ष. व्यसनमुक्तीच्या फेरीत सगळ्यांत मोठा आवाज तिचा. तिला लांबून येताना पाहिलं की टपरीवाले गुटख्याच्या माळा आत ओढून घ्यायचे.

"मग झकास," कानिफनाथ म्हणाला. तो गावातलाच, नुकताच विम्याचा एजंट झालेला. "हप्त्यावर अठरा टक्के जीएसटी लागायचा, तो आता माफ झालाय. पण कुणाची तंबाखू निघाली तर ही कंपनी वीस टक्के जादा भार लावती. त्यात तुमची जोडप्याची एकच पॉलिसी. खाणार एक आन भार दोघांच्या डोक्यावर."

"म्हंजी सरकारनं सोडलं आन तंबाखूनं धरलं," छबूबाई हसली.

"निघाली तर कळायचं कसं पण?" सहादेवनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तपासणी हाय ना. तीन आठवड्यांनी, श्रीगोंद्याला. रक्त, लघवी. दोघांची बी."

"माझी कशाला?" छबूबाई म्हणाली. "मला काय धाड भरलीय?"

"नियम हाय, काकू."

माघार घेण्याची सोय नव्हती. मागल्या वर्षी सहादेवच्या थोरल्या भावाचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याचा भरलेला गोठा रिकामा झाला होता. ते बघून दोघांनी विमा उतरवायचा ठरवला होता. आणि तपासणीत सापडलो तर वीस टक्क्यांचं एकवेळ सोसता येईल, पण अध्यक्षबाईंचं काय, हे सहादेवला कळत नव्हतं.

त्यानं पुडी गटारात टाकली.

पहिले आठ दिवस त्यानं कसे काढले, त्याचं त्यालाच ठाऊक. लवंग चघळली, बडीशेप चघळली, एकदा तर हिरवी मिरची दाढेखाली धरली. तारेची वेटोळी मोजता मोजता आकडा विसरायचा. भागवतची मोटार त्यानं अशी भरली की ती विहिरीवर सुरू होताच धूर सोडून गप झाली. भागवत शिव्या देत आला, तर सहादेवला रडूच फुटलं.

घरीही निवांतपणा नव्हता. छबूबाईचं डोकं त्याच आठवड्यात फिरलं. भाकरी करपवायची, आणि करपली म्हणून त्याच्यावरच ओरडायची. दुधाचं पातेलं आपटलं. तो हूं म्हणाला तरी भांडण, नाही म्हणाला तरी भांडण. आपल्या चिडचिडीचा तिला त्रास होतोय, असं वाटून सहादेव मान खाली घालून जेवायचा.

नवव्या दिवशी मात्र तिचा राग आपोआप उतरला. सकाळी सकाळी गुणगुणत आली, त्याला चहात आलं घालून दिलं. सहादेवला वाटलं, बायको असावी तर अशी.

तपासणीच्या दिवशी श्रीगोंद्याच्या एसटी स्टँडवर एका ओळखीच्या माणसानं मळलेली तंबाखू पुढं केली. छबूबाई पाण्याची बाटली आणायला गेली होती. सहादेवनं चिमूट उचलली, ओठापर्यंत नेली. तेवढ्यात ती येताना दिसली आणि त्यानं हात झटकला. दोन कण मात्र जिभेला लागलेच.

त्या दोन कणांनी त्याची झोप उडवली. तिसऱ्या दिवशी सकाळी छबूबाई पीठ मळत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"छबू, रिपोर्ट येईल त्याच्याआधी मीच सांगतो. सात वर्षं मी खोटं बोललो. दुकानात खात हुतो. आता सोडलीय, पण स्टँडवर दोन कण लागले."

छबूबाईचे हात थांबले. मग तिनं डोळ्याला पदर लावला.

"सात वर्षं! मी गावभर बोंबलत फिरती, आन माझ्याच घरात? अवो, माझ्याशी तरी खरं बोलायचं. नवरा-बायकोत कसली लपवाछपवी?"

"चुकलं."

"माझा गळा शाबूत कसा ऱ्हायला, देव जाणे."

"चुकलं म्हनलं ना."

ती लई बोलली. परातीतलं पीठ वाळायला लागलं तरी बोलतच होती. शेवटी तिनं नाक पुसलं. "माफ केलं. पण शनिवारी बाजारात फेरी हाय. समद्या बायांपुढं उभं ऱ्हाऊन तुमच्या तोंडानं सांगायचं, व्यसनापायी मी बायकोला फसवलं."

"सांगतो," सहादेव म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. कानिफनाथ. हात पिठाचे असूनही छबूबाईनंच करंगळीनं स्पीकर लावला.

"काका, पॉलिसी झाली. पण वीस टक्के भार लागला. तंबाखू निघाली."

छबूबाईनं नवऱ्याकडं असं पाहिलं की त्यानं दोन्ही कान धरले.

"माझीच चूक, कानिफनाथ," तो म्हणाला. "तुझ्या काकूला समदं सांगितलंय मी."



"तुमची कशी, काका? तुमचा रिपोर्ट आरशासारखा साफ हाय. माझा बी इश्वास बसना म्हणून लॅबवाल्यांना दोनदा तपासाया लावलं, पण काकूंचीच निघाली."